कोंबडीच्या ताटातले नियम कोणी लिहिले?

आजच्या भागात लढाई नाही, राजा नाही, तहसुद्धा नाही. आजचा विषय आहे कोंबडीचं खाद्य. हसू नका, कारण या गोष्टीत जावा बेटावरचा तुरुंग आहे, इंग्लंडमधल्या एक लाख मेलेल्या टर्की आहेत, पंचमहालमधली आदिवासी गावं आहेत आणि शेवटी आपल्या लातूरच्या सोयाबीनचा भावही आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. बोलताना पुढे-मागे झालेलं थोडं नीट लावलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आधी थोडी पायाभूत माहिती. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. पोल्ट्रीच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा ६५ ते ७० टक्के असतो. म्हणजे पिल्लू, औषध, वीज, मजुरी हे सगळं मिळूनही खाद्याच्या जवळपास जात नाही. या खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो, तो ऊर्जेसाठी. प्रथिनांसाठी सोयाबीनची तेल काढलेली पेंड, जिला बाजारात सगळे ‘डीओसी’ म्हणतात. वरून चुनखडीचे खडे किंवा शिंपले, खनिजं, जीवनसत्त्वं, थोडं मीठ आणि मेथिओनिनसारखी अमिनो आम्लं. मका महागला, डीओसी महागली की पोल्ट्रीवाला बाकीच्या गोष्टींकडे बघायला लागतो: बाजरी, तांदळाची कणी, राईस पॉलिश, सूर्यफूल पेंड, सरकी पेंड, गवार कोरमा आणि आता डीडीजीएस. यांनाच ‘पर्यायी खाद्यघटक’ असं भारदस्त नाव आहे.

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. खाद्याचं सूत्र ठरवणारे प्रोग्रॅम कसे चालतात हे बघायला गेलो, तर ते ओळखीचं निघालं. एका बाजूला घटकांची यादी, प्रत्येकासमोर आजचा भाव आणि त्यातली प्रथिनं, ऊर्जा, कॅल्शियम वगैरे. दुसऱ्या बाजूला पक्ष्याची गरज. बटण दाबलं की सर्वांत स्वस्त मिश्रण बाहेर. पण प्रत्येक घटकासमोर आणखी दोन रकाने असतात: किमान आणि कमाल. राईस पॉलिश जास्तीत जास्त इतकं. सरकी पेंड जास्तीत जास्त इतकी, लेअरसाठी तर जवळपास नाहीच. डीडीजीएस अमुक टक्क्यांच्या वर नाही.

हे कमाल आकडे गणितातून येत नाहीत. गणिताला फक्त स्वस्त काय ते कळतं. हे आकडे अनुभवातून आलेत, आणि बहुतेक वेळा तो अनुभव म्हणजे कुणाचा तरी आजार किंवा मृत्यू. तर आजचा भाग म्हणजे त्या रकान्याचा इतिहास.

आधी समीकरण

१९४५ साली जॉर्ज स्टिगलर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने एक प्रश्न घेतला. एका मध्यम कष्ट करणाऱ्या माणसाला वर्षभर जगायला लागणारी सगळी पोषणद्रव्यं कमीत कमी किती पैशांत मिळतील? त्याने ७७ खाद्यपदार्थ आणि ९ पोषणद्रव्यं घेतली आणि हाताने, थोडा अंदाज लढवत उत्तर काढलं: १९३९ च्या भावाने वर्षाला ३९.९३ डॉलर. त्या ताटात गव्हाचं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि वाळवलेल्या शेंगांचे दाणे, एवढंच.

दोन वर्षांनी, १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिगने सिम्प्लेक्स नावाची पद्धत शोधली. ती तपासायला स्टिगलरचाच प्रश्न घेतला गेला. नऊ कारकून टेबलावरच्या यांत्रिक गणनयंत्रांवर बसले, सगळ्यांचे मिळून साधारण १२० दिवस लागले, आणि उत्तर आलं ३९.६९ डॉलर. म्हणजे स्टिगलरचा अंदाज फक्त २४ सेंटने हुकला होता.

पुढची गोष्ट माझी आवडती आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरांनी डँट्झिगला वजन कमी करायला सांगितलं. त्याने स्वतःच्या आहाराचाच प्रोग्रॅम लिहिला: कॅलरी मर्यादेत ठेवून पोट जास्तीत जास्त भरल्यासारखं वाटेल असं ताट. संगणकाने सांगितलं, रोज इतर गोष्टींबरोबर ५०० गॅलन व्हिनेगर प्या. का, तर डेटामध्ये व्हिनेगरमधलं पाणी शून्य धरलं होतं. व्हिनेगर काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, सुपाच्या २०० वड्या खा. त्याने काही वड्या पाण्यात विरघळवून चाखल्या आणि थुंकल्या, इतकं मीठ. मग त्याने वड्यांवर कमाल मर्यादा घातली. तर पुढचं उत्तर आलं, रोज जवळपास ९०० ग्रॅम कोंडा. शेवटी आहाराचा कारभार बायकोने हातात घेतला, आणि वजन उतरलं.

गंमत आहे, पण मुद्दा पक्का आहे. जी मर्यादा तुम्ही लिहिली नाही, तिच्या पलीकडे मशीन जाणारच. डँट्झिग ताट समोर बघून थुंकू शकला. कोंबडीला ती सोय नाही. १९५१ मध्ये फ्रेडरिक वॉ यांनी हेच गणित गाईच्या खाद्याला लावून दाखवलं, आणि पुढच्या काही वर्षांत मोठ्या फीड मिल संगणकावर सूत्रं काढायला लागल्या. आजही तेच चालतं.

जावा: कोंडा, जो कुणालाच नको होता

आता थोडं मागे जाऊ. १८९० च्या सुमारास, डच अमलाखालचं जावा बेट. सैनिक, कैदी, खलाशी बेरीबेरीने मरतायत. पाय सुन्न, चालता येत नाही, मग हृदय थांबतं. जंतूंचा शोध नवा होता, त्यामुळे प्रत्येक रोगामागे जंतूच असणार अशी सगळ्यांची खात्री. ख्रिस्तियान आइकमान नावाचा डॉक्टर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, तो जंतू शोधत होता आणि प्रयोगासाठी कोंबड्या पाळत होता.

एकदा प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखाच आजार झाला. पाय लटपटायला लागले, माना वाकल्या. ज्यांना जंतू टोचले नव्हते त्यांनाही झालं. मग काही महिन्यांनी सगळ्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केल्यावर कळलं की कोंबड्यांची देखभाल करणारा माणूस त्यांना लष्करी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा, सडलेला भात घालत होता. नंतर नवा स्वयंपाकी आला. लष्कराचा भात बिगरलष्करी कोंबड्यांना का द्यायचा, म्हणून त्याने तो बंद केला. कोंबड्या परत साध्या, कोंड्यासकट तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या. (सडलेला म्हणजे नासलेला नव्हे हं. कोकणात तांदूळ सडतात तसा, कांडून पॉलिश केलेला.)

पुढे फॉर्डरमान नावाच्या अधिकाऱ्याने जावातल्या तुरुंगांची पाहणी केली. जिथे कैद्यांना पांढरा तांदूळ मिळायचा तिथे बेरीबेरी कितीतरी पटींनी जास्त होता. आइकमानला आधी वाटलं की भातात विष आहे आणि कोंडा त्यावर उतारा आहे. १९०१ मध्ये त्याचा सहकारी ग्रिन्स याने गोष्ट सरळ केली: विष वगैरे काही नाही, भातात काहीतरी कमी आहे आणि ते कोंड्यात आहे. ते म्हणजे आज आपण ज्याला बी-१ जीवनसत्त्व म्हणतो ते. आइकमानला १९२९ चं नोबेल मिळालं.

म्हणजे जीवनसत्त्वांची कल्पनाच मुळात कोंबडीच्या खाद्यातून आली. आणि कोंडा, जो गिरणीवाला फेकून द्यायचा किंवा जनावरांना घालायचा, त्यात माणसाचा जीव होता. इथून सूत्रात ‘किमान’ नावाचा रकाना आला. पोट भरणं पुरेसं नाही, अमुक गोष्ट कमीत कमी इतकी हवीच.

स्वस्त प्रथिनांच्या मागे

विसाव्या शतकात मोठा प्रश्न होता प्रथिनांचा. १९१७ मध्ये ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी दाखवलं की कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत, शिजवलं की वाढतात. सोयाबीनमध्ये प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमला अडवणारे पदार्थ असतात आणि ते उष्णतेने निकामी होतात. म्हणून आजही डीओसीचा ट्रक आला की चांगली फीड मिल युरियाची चाचणी करते. नमुन्यावर युरिया आणि रंगद्रव्याचं द्रावण टाकतात. कणांवर फार लाल-गुलाबी ठिपके उठले तर पेंड कमी भाजली गेलीय. उलट जास्त भाजली तर लायसिन नावाचं अमिनो आम्ल वाया जातं. म्हणजे इथे दोन्हीकडून मर्यादा.

सरकी पेंड गाई-म्हशींना चालते हे आपल्याकडे प्रत्येकाला माहीत आहे. पण कोंबडीला ती जास्त घातली तर सरकीतल्या गॉसिपॉलमुळे अंड्याचा बलक हिरवट पडतो, आणि त्याच तेलातल्या दुसऱ्या एका घटकामुळे साठवलेल्या अंड्याचा पांढरा भाग गुलाबी होऊ शकतो. अशी अंडी कोण घेणार? लेअरच्या सूत्रात सरकी पेंडीसमोर जो छोटासा आकडा दिसतो तो यामुळे.

आणखी एक अडचण होती. फक्त वनस्पतींवर वाढवलेली कोंबडी मागे पडायची, पिल्लं नीट निघायची नाहीत. थोडी मासळीची कुटी किंवा मांसाचं पीठ घातलं की ठीक. त्यात काहीतरी अज्ञात घटक आहे एवढंच माहीत होतं. १९४८ मध्ये तो सापडला: बी-१२ जीवनसत्त्व. ते जंतूंकडून टाक्यांमध्ये तयार करता येतं हे कळल्यावर मासळीशिवाय, निव्वळ मका आणि सोयाबीनवर कोंबडी वाढवणं शक्य झालं. वर कृत्रिम मेथिओनिनही बाजारात आलं. आज आपण ज्याला ‘नेहमीचं’ खाद्य म्हणतो ते मका-सोया मिश्रण एकेकाळी पर्यायी खाद्यच होतं, हे लक्षात ठेवा.

टर्की एक्स

१९६० चा उन्हाळा, इंग्लंड. टर्कीची पिल्लं मरायला लागली. आज नीट असलेला पक्षी, भूक जाते, पंख लोंबतात, आठवड्याभरात मरतो. कापून बघितलं तर यकृतात रक्तस्राव. काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्की गेल्या. बदकाची पिल्लं गेली, फेझंट गेले. पशुवैद्यांना जंतू सापडेना, विषाणू सापडेना. नाव काय द्यायचं तेही कळेना, म्हणून ‘टर्की एक्स’.

शेवटी धागा पोचला खाद्यापर्यंत. या सगळ्या फार्मवर ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड घातलेलं खाद्य गेलं होतं. त्या पेंडीत बुरशी होती, अस्परजिलस फ्लेव्हस. बुरशीने तयार केलेलं विष वेगळं काढलं गेलं आणि त्याला बुरशीच्याच नावावरून नाव पडलं: अफ्लाटॉक्सिन. अतिनील प्रकाशात त्याचे काही प्रकार निळे चमकतात, काही हिरवे. त्यातला निळा बी-१ प्रकार सर्वांत घातक. तो माणसात यकृताचा कॅन्सर करतो हे पुढे पक्कं झालं.

किती विष म्हणजे धोका? अमेरिकेत लहान पक्ष्यांच्या खाद्यासाठी मर्यादा आहे २० पीपीबी. एक टन खाद्यात २० मिलिग्रॅम, चिमटीत सापडणार नाही इतकं.

आता आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट. बदक आणि टर्की अफ्लाटॉक्सिनला फार नाजूक. कोंबडी त्या मानाने दणकट. ऐकायला बरं वाटतं, पण यातच गोम आहे. थोड्या विषाने कोंबडी मरत नाही. ती कमी खाते, कमी वाढते, तिचं यकृत पिवळं पडतं, लस दिली तरी प्रतिकारशक्ती नीट तयार होत नाही. मर लागली असती तर कुणी कारण शोधलं असतं. इथे फक्त बॅच जरा ‘हलकी’ निघते, आणि दोष हवामानाला, पिल्लांना नाहीतर शेड सांभाळणाऱ्याला मिळतो.

त्या काळात भारत भुईमुगाच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक होता. आपली शेंगदाणा पेंड युरोपात जायची, आणि आपल्या कोंबड्यांच्या खाद्यातही प्रथिनांचा मोठा स्रोत तीच होती. १९७४ मध्ये युरोपीय समुदायाने पशुखाद्यातल्या नकोशा पदार्थांवर नियम केले, त्यात अफ्लाटॉक्सिनही होतं. पावसात भिजलेली शेंग, ओलसर गोदाम, पोत्यांची थप्पी हा आपल्याकडे रोजचा मामला, आता त्यालाच भाव पाडणारा आकडा चिकटला.

पंचमहाल आणि बांसवाडा

त्याच वर्षी, १९७४ च्या अखेरीस, गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या भागात लोकांना कावीळ व्हायला लागली. पोटात पाणी भरायचं, काही दिवसांत माणूस जायचा. त्याच घरांतली कुत्रीही तशीच आजारी. संसर्गाची कावीळ म्हणावी तर ती अशी कुत्र्यांना कुठे होते? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे शास्त्रज्ञ गावांमध्ये गेले. हे आदिवासी भाग, मुख्य अन्न मका. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला होता, कणसं भिजली, तशीच घरात साठवली, बुरशी आली. दुसरं काही खायला नव्हतं, म्हणून तोच मका खाल्ला. ३९७ जण आजारी पडल्याची नोंद झाली, त्यातले १०६ दगावले.

मी मुद्दाम इथे थांबतो. टर्कीच्या बाबतीत एका मालाच्या पेंडीचा माग निघाला, तो माल थांबला, नियम आले. कारण त्या पक्ष्यांना किंमत होती आणि पेंडीला बिलं होती. पंचमहालमधल्या मक्याला बिल नव्हतं. तो घरचा मका होता. इंग्लंडमध्ये विष ओळखलं गेलं त्याला तेव्हा दहाहून जास्त वर्षं होऊन गेली होती. ज्ञान होतं, ते त्या घरांपर्यंत पोचलं नव्हतं. आणि जो मका गरिबाच्या घरात भाकरी होतो, तोच दुसरीकडे कोंबडीचं खाद्य होतो, हेही इथे दिसतं.

सोयाबीन कसं आलं

भारतात पोल्ट्रीने उद्योगाचं रूप घेतलं ते याच दशकात. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे पुणे या उद्योगाचं मोठं केंद्र झालं. १९८२ मध्ये अंड्यांच्या भावासाठी एनईसीसी ही उत्पादकांची समिती उभी राहिली. ‘संडे हो या मंडे’ तिचंच. पक्षी वाढले, तसं प्रथिन लागणार होतं. शेंगदाणा पेंडीवर बुरशीचं सावट. मग?

उत्तर मध्य प्रदेशात तयार होत होतं. १९६० च्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठाबरोबर सोयाबीनवर काम सुरू केलं होतं. हेतू कोंबडी नव्हती, माणूस होता. गरीब देशाला स्वस्त प्रथिन मिळावं ही कल्पना. काळ्या जमिनीत पावसाळ्यात बरीच शेतं पडीक असायची, तिथे हे पीक बसलं. पण लोकांनी काही सोयाबीनची डाळ शिजवली नाही. चव जमली नाही. तेल मात्र चाललं, आणि तेल काढल्यावर उरलेली पेंड जहाजात बसून परदेशी गेली.

बाहेर मागणीही होती. १९७२ मध्ये एल निनोमुळे पेरूच्या किनाऱ्यावरची अँचोव्ही मासळी कोसळली, म्हणजे जगाच्या मासळी कुटीचा मोठा झरा आटला. १९७३ मध्ये अमेरिकेने काही काळ सोयाबीनची निर्यात रोखली. जपानसारखे देश हादरले आणि ब्राझीलच्या सोयाबीनकडे वळले. ब्राझीलची आजची सोया-सत्ता तिथून उभी राहिली.

आपल्याकडे १९९० च्या दशकात सोयाबीन मराठवाडा आणि विदर्भात पसरलं, लातूर त्याची मोठी बाजारपेठ झाली. आज देशात एक कोटी हेक्टरच्या वर सोयाबीन आहे. आणि देशी पोल्ट्री इतकी वाढली की जी पेंड बाहेर जायची तिची मोठी गिऱ्हाईक घरचीच कोंबडी झाली. शंभर किलो सोयाबीनमधून तेल मिळतं १८-२० किलो, बाकी जवळपास सगळी पेंड. म्हणून सोयाबीनचा भाव तेलाइतकाच पेंडीवर ठरतो. सोयाबीनवाला शेतकरी आणि पोल्ट्रीवाला शेतकरी हे एकाच दोरीची दोन टोकं आहेत.

ही दोरी २०२१ मध्ये ताणली गेली. सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास पोचलं. पोल्ट्रीवाले म्हणाले, आम्ही बुडतो. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. सोयाबीनवाले म्हणाले, चार पैसे मिळायला लागले की लगेच आयात? दोघेही शेतकरी, दोघांचंही बरोबर.

आणि आता डीडीजीएस

२०२३ मध्ये पाऊस कमी झाला, ऊस घटण्याची भीती होती. डिसेंबरमध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर आधी बंदी आणि मग मर्यादा घातली. इथेनॉलचं उद्दिष्ट मात्र तसंच होतं, त्यामुळे कारखाने मक्याकडे वळले. मक्याचा भाव चढला आणि एरवी मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये निव्वळ आयातदार झाला. पोल्ट्रीवाल्याचं ताट थेट पेट्रोलच्या टाकीशी स्पर्धेत आलं.

पण मक्यातून इथेनॉल काढताना फक्त स्टार्च जातो. प्रथिनं, तेल, तंतू मागे राहतात. तो चोथा वाळवला की झालं डीडीजीएस. एक टन मक्यातून साधारण ३०० किलो. मक्याच्या डीडीजीएसमध्ये प्रथिनं २७-३० टक्के, तांदळाच्या डीडीजीएसमध्ये त्याहून बरीच जास्त. भाव डीओसीपेक्षा कमी. प्रोग्रॅमने लगेच उचललं, दुसरं काय करणार?

आता सोपं गणित. मक्यात १० पीपीबी अफ्लाटॉक्सिन होतं असं धरू. टनाचे ३०० किलो झाले, पण विष ना अल्कोहोलबरोबर उडालं, ना आंबवण्यात मेलं. ते सगळं चोथ्यात राहिलं. म्हणजे साधारण तिप्पट, ३० पीपीबीच्या वर. जो मका खाद्य म्हणून चालला असता, त्याचाच चोथा मर्यादेबाहेर. खरिपाचा मका ओला निघतो, तो १३-१४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवायला शेतकऱ्याकडे ना ड्रायर असतो ना वेळ. म्हणजे १९६० ची बुरशी नव्या नावाच्या पोत्यातून परत दारात. फरक इतकाच, आता तिचं नाव माहीत आहे, चाचणी उपलब्ध आहे, टॉक्सिन बाइंडर मिळतात. प्रश्न आहे चाचणी कोण करतो आणि निकाल कुणाला कळतो.

दोरीच्या दुसऱ्या टोकाला, २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि बाजारात भाव त्याच्या खाली. कारणं एकापेक्षा जास्त होती: जगभर स्वस्त पेंड, आयात तेल, भरपूर पीक. पण देशी बाजारात डीओसीच्या जागी डीडीजीएस बसणं हे त्यातलं एक होतं. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत सोयाबीनचा भाव किती गाजला ते तुम्ही पाहिलंच आहे.

न लिहिलेली मर्यादा

आपल्याकडे बरीच ब्रॉयलर पोल्ट्री करारावर चालते. कंपनी पिल्लं, खाद्य, औषध देते. शेड, तूस, पाणी, वीज आणि राबणं शेतकऱ्याचं. बॅच उचलली की किलोमागे संगोपन दर मिळतो, आणि तो खाद्याचं वजनात किती रूपांतर झालं, मर किती झाली यावर ठरतो. आमच्या नात्यातल्या एकांचं असं सहा हजार पक्ष्यांचं शेड आहे. त्यांच्या वहीत प्रत्येक बॅचची मर, वजन, खाद्याची पोती सगळं तारीखवार आहे. एकच रकाना रिकामा आहे: खाद्यात या वेळी काय होतं. पोत्यावर कुठली पेंड किती टक्के हे सहसा लिहिलेलं नसतं. म्हणजे सूत्र बदलण्याचा निर्णय एकाचा, आणि बॅच हलकी निघाली तर कपात दुसऱ्याची.

हे फक्त आपल्याकडचं नाही. ब्रिटनमध्ये गाईंना गाईंच्याच मांस-हाडांचं पीठ घालत होते. स्वस्त प्रथिन, कुठलीच मर्यादा लिहिलेली नव्हती. १९८६ मध्ये मॅड काऊ रोग ओळखला गेला, १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी बंदी आली, १९९६ मध्ये माणसांशी संबंध जाहीर झाला, आणि २००१ मध्ये युरोपने असं पीठ सगळ्याच पाळीव पशुखाद्यातून काढलं. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये कोंबडी आणि डुकरांसाठी किड्यांपासून केलेलं प्रथिन मान्य झालं. पण त्या किड्यांना काय खाऊ घालायचं यावर नियम आहेत. एवढं शहाणपण यायला किती किंमत मोजावी लागली बघा.

म्हणून नवं पर्यायी खाद्य आलं की ‘चांगलं की वाईट’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. कोंडा, पेंड, चोथा, सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी कारखान्यातून उरलेलं आहे, आणि ते वाया जाण्यापेक्षा कोंबडीने खाल्लं तर चांगलंच. डीडीजीएसलाही माझा विरोध नाही. विचारायचं ते हे: मूळ मालात काय होतं, ते आटून किती झालं, कुणी मोजलं, आणि मोजलेला आकडा शेड सांभाळणाऱ्याच्या हातात आला का? प्रत्येक पोत्याबरोबर घटकांची यादी आणि अफ्लाटॉक्सिनचा निकाल देणं ही तांत्रिकदृष्ट्या फार साधी गोष्ट आहे. पोत्यावर आधीच छापील लेबल असतं, त्यात दोन ओळी वाढतील.

पोल्ट्री करणारं कुणी ऐकत असेल तर एवढं करा. प्रत्येक बॅचच्या खाद्यातलं अर्धा किलो कोरड्या पिशवीत, तारीख आणि लॉट नंबर लिहून बाजूला ठेवा. बॅच उचलून हिशेब पूर्ण होईपर्यंत टाकू नका. वजन कमी आलं आणि वाद झाला, तर तपासायला तुमच्याकडे काहीतरी असेल. इंग्लंडमध्ये टर्की का मेल्या ते कळलं, कारण खाद्याचा माग काढता आला.

तुमच्या भागात मक्याऐवजी, डीओसीऐवजी काय वापरतात ते नक्की कळवा. बाजरी घातल्यावर बलक फिका पडला म्हणून गिऱ्हाइकाने अंडी परत केली, असे अनुभव असतील तर तेही लिहा, एक भाग त्यावरच करू. भेटूया. तोवर काळजी घ्या.